दाबाच्या पाण्याची गोष्ट

दिवाळी जवळ आली की आमच्या गटाच्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "ताई, ते पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायचं मशीन घ्यायचं म्हणतोय, कोणतं घेऊ?" कुणाला अंगणातल्या फरशीवरचं शेवाळ काढायचं असतं, कुणाला गोठा धुवायचा असतो, तर एखाद्या गटाला ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टांची साफसफाई अंगावर घ्यायची असते. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देणारे पुष्कळ भेटतात. आम्हालाही एक दुकानदार भेटला होता. तो म्हणाला, "बार बघा ताई. जितके बार जास्त, तितकं मशीन भारी." आम्ही ऐकलं आणि गटाचे पैसे घालवून बसलो. ते कसं, हे पुढे सांगतोच. पण त्या फजितीनंतर आम्ही ठरवलं, की हा बार म्हणजे काय, दाबाचं पाणी माणसानं कुठे कुठे वापरलं, त्याचा फायदा कुणाला झाला आणि भुर्दंड कुणाला पडला, हे एकदा नीट समजून घ्यायचं. समजून घेतलं तेव्हा कळलं, की या गोष्टीचं एक टोक आपल्या मुळशीच्या धरणात आहे. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहोत. शेवटी मशीन कसं निवडायचं, तेही सांगू.

सुरुवात आपल्या आज्यांपासून करू. नदीवर धुणं न्यायचं, दगडावर आपटायचं, धोपटण्यानं बडवायचं आणि वाहत्या पाण्यात खळबळून काढायचं. भांड्यांना राख आणि काथ्या. तेलकट भांडं असेल तर आधण टाकून ठेवायचं. फारच चिकटलेलं असेल तर रात्रभर भिजत घालायचं. यात सगळं शास्त्र आलं. १९५९ साली जर्मनीत हर्बर्ट सिन्नर नावाच्या रसायनतज्ज्ञानं तेच एका वर्तुळात मांडून दाखवलं. तो म्हणाला, कुठलीही धुलाई चार गोष्टींवर चालते. साबणासारखं रसायन, घासण्या-आपटण्याचा जोर, पाण्याची ऊब आणि वेळ. भाकरीचे चार वाटे करावेत तसे हे चार वाटे. एक वाटा कमी केला, तर दुसरा वाढवावा लागतो. आजीला साबण परवडत नव्हता, म्हणून तिनं आपल्या हातांचा जोर आणि आपला वेळ वाढवला. तिच्या खांद्याला आणि कमरेला जे झालं, ते त्या वर्तुळाचंच गणित होतं. दाबाच्या पाण्याचं मशीन या चारांपैकी फक्त एक वाटा उचलतं. तो म्हणजे जोर. बाकीचे तीन वाटे तुमच्याकडेच राहतात. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

आता दाबाकडे वळू. पाण्याला दाब येतो कुठून? सगळ्यात सोपी वाट म्हणजे उंची. दहा मीटर उंचीवर टाकी ठेवली आणि नळ खाली सोडला, की खालच्या तोटीला साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळमजल्याचा नळ, एवढं अंतर म्हणजे एक बार. हे माप ध्यानात ठेवलं, की मशीनच्या खोक्यावरचा आकडा वाचता येतो.

उंचीवरचं पाणी नळीतून खाली आणून त्याच्या फवाऱ्यानं मोठं काम करून घेण्याचा प्रकार अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत सुरू झाला. साल १८५३. नदीतलं सोपं सोनं संपत आलं होतं. मग खाणवाल्यांनी डोंगरावरून पाट काढले, पाणी नळांतून खाली आणलं आणि तोफेसारख्या तोंडातून ते डोंगराच्या कडेवर मारायला सुरुवात केली. अख्खे डोंगर धुऊन निघाले. माती वाहून गेली आणि सोनं खाली राहिलं. पण ती माती गेली कुठे? नद्यांच्या पात्रात. पात्रं भरून वर आली, पूर चढले आणि खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गाळाखाली गेल्या. शेतकरी कोर्टात गेले. अखेर १८८४ साली न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला, की खाणीचा गाळ नदीत सोडायचा नाही. त्या निकालानं दाबाच्या पाण्याची ती खाणकामं जवळपास थांबली. धुतलेली घाण कुठे जाणार, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

याच खाणींच्या मुलखात लेस्टर पेल्टन नावाचा एक कारागीर होता. फवाऱ्याच्या जोरावर चाक फिरवायचं, तर चाकाला कशा वाट्या हव्यात, यावर त्यानं डोकं चालवलं. मधोमध धार असलेल्या जोडवाट्या त्यानं बसवल्या. फवारा त्या धारेवर पडून दोन्ही बाजूंना फाकतो आणि आपला बहुतेक जोर चाकाला देऊन जातो. १८८० साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. पाणी थोडं पण उंची भरपूर असेल, अशा जागी पेल्टनचं चाक उत्तम चालतं. आणि पाणी उंचावर, खाली खोल दरी, अशी जागा कुठली? आपली सह्याद्रीची धार.

आता आपण मुळशीत आलो. मुळा नदी मुळात पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमेतून कृष्णेत जाते आणि बंगालच्या उपसागराला पोचते. टाटा कंपनीनं मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायला घेतलं ते नदीचं पाणी पश्चिमेला वळवायला. घाटाच्या कड्यावरून मोठ्या नळांतून पाणी खाली कोकणात न्यायचं, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला त्या पाण्यावर पेल्टनची चाकं फिरवायची आणि वीज मुंबईला द्यायची, अशी ती योजना होती. भाताची खाचरं, घरं, देवळं, सगळं पाण्याखाली जाणार होतं. बाधित गावं पन्नासच्या आसपास होती.

मावळ्यांनी ते मुकाट्यानं सोसलं नाही. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात पुढे आले आणि लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं, ते इथूनच. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबत होते. बायाही घराबाहेर पडल्या, धरणाच्या कामावर जाऊन बसल्या. १९२४ सालापर्यंत लढा चालला. बापटांना तुरुंगात जावं लागलं. धरण मात्र झालं. १९२७ साली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. धरणाविरुद्ध लोकांनी संघटित होऊन दिलेला जगातला पहिला मोठा लढा म्हणून अभ्यासक आज मुळशीचं नाव घेतात. आमच्या गटातल्या कितीतरी जणींची माहेरं आणि सासरं त्याच बुडालेल्या गावांतून वर सरकलेली आहेत.

भिऱ्याच्या नळांत पाणी सुमारे पाचशे मीटर खाली उतरतं. आपलं माप लावा. दहा मीटरला एक बार, म्हणजे पाचशे मीटरला साधारण पन्नास बार. आता दुकानातल्या घरगुती मशीनच्या खोक्यावर काय लिहिलेलं असतं? शंभर, एकशे वीस, एकशे तीस बार! सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची तेराशे मीटरच्या घरात आहे. म्हणजे सिंहगडाच्या माथ्यावरून थेट समुद्रापर्यंत उभा नळ सोडला, तर खाली जो दाब मिळेल, तो या हातात उचलता येणाऱ्या डब्यात असतो. भिऱ्याच्या नळातल्या दाबाच्या अडीच पट. आम्ही हे पहिल्यांदा मांडलं, तेव्हा बैठकीत कुणाचा विश्वास बसेना. गटातली एक वहिनी म्हणाली, "मग आपल्या डब्यानं मुंबईचे दिवे लावूया की!"

हसण्यावारी नेऊ नका. तिच्या या बोलण्यातच आमच्या चुकीचं उत्तर होतं. भिऱ्याच्या चाकांची ताकद दीडशे मेगावॅट आहे आणि घरगुती मशीनची मोटर असते दीड-पावणेदोन किलोवॅटची. ऐंशी हजार पटींहून जास्त फरक. दाब मशीनचा जास्त, तरी काम भिऱ्याचं अफाट मोठं. का? कारण तिथे धरणभर पाणी आहे आणि इथे मिनिटाला सहा-सात लिटर. काम होतं ते दाब आणि पाणी या दोघांच्या गुणाकारानं. नुसता बारचा आकडा म्हणजे नुसता विळा. कापणीला हातही लागतात आणि दिवसही लागतो.

मग पाण्याला एवढा दाब देणारं मशीन आलं कुठून? ज्या दशकात आपल्याकडे सत्याग्रह झाला आणि भिऱ्याची चाकं फिरू लागली, त्याच दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये फ्रँक ओफेल्ट यांनी वाफेच्या दाबानं धुणारं यंत्र बनवलं. गॅरेजातलं, कारखान्यातलं ग्रीस काढायला ते वापरू लागले. पुढे १९५० साली जर्मनीत आल्फ्रेड केर्शर यांनी गरम पाणी दाबानं मारणारं युरोपातलं पहिलं यंत्र तयार केलं. केर्शरांनी १९३५ साली कंपनी काढली होती, तीच आज जगभर पिवळ्या मशीनांसाठी ओळखली जाते.

इथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. आल्फ्रेड १९५९ साली वारले. कंपनी हातात घेतली ती त्यांच्या पत्नीनं, इरेने केर्शर यांनी. दोन लेकरं पदरात, यंत्रांचा कारखाना, सगळा पुरुषांचा कारभार. पण त्यांनी ती पुढे तीस वर्षं चालवली. १९७४ साली कंपनीनं ठरवलं, की लक्ष द्यायचं ते दाबाच्या पाण्यानं धुण्याच्या यंत्रांवर. त्याच सुमाराला निळा रंग जाऊन पिवळा आला. १९८४ साली घरात वापरायचं छोटं मशीन त्यांनी बाजारात आणलं. तोवर हे यंत्र कारखान्यात आणि गॅरेजात होतं, त्यानंतर ते अंगणात आलं. आपण आज जे खोकं दुकानात बघतो, त्याच्यामागे एका बाईनं सांभाळलेला कारखाना आहे. हे एकदा कळलं, की दुकानदारापुढे प्रश्न विचारायला आपली जीभ अडखळत नाही.

आपल्याकडे हा प्रकार आधी शेतात आला. द्राक्षबागांवर औषध मारायला एचटीपी पंप आले, त्याच पंपांवर लोक ट्रॅक्टर आणि गाड्या धुऊ लागले. मग रस्त्याकडेला वॉशिंग सेंटरं निघाली. आपल्या तालुक्यात हिंजवडीला आयटीच्या इमारती झाल्या, पिरंगुटला कारखाने आले, धरणाच्या कडेनं फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी राहिली. पेव्हर ब्लॉकची अंगणं झाली आणि मुळशीच्या पावसात त्यांच्यावर शेवाळ धरलं नाही, असं होत नाही. काम तयार झालं होतं. बायांच्या हातात भांडवलही आलं होतं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडण्याचा प्रयोग केला, त्याआधी दहा बायांनी एकत्र येऊन यंत्रासाठी बँकेकडे कर्ज मागणं कुणाला सुचलंही नसतं.

आम्हाला सुचलं. गटाच्या अंतर्गत कर्जातून आम्ही एक मशीन घेतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात एकशे तीस बार. दोन रिसॉर्टांची कामं मिळाली. रोज पाच-पाच तास मशीन चालवलं. दुसऱ्या महिन्यात मोटरमधून जळका वास आला आणि ती बसली. दुकानदारानं माहितीपत्रकातली एक ओळ दाखवली. हे मशीन घरगुती वापरासाठी आहे, सलग थोडा वेळ चालवून थंड होऊ द्यावं, धंद्यासाठी वापरल्यास वॉरंटी लागू नाही. ओळ बारीक होती, पण छापलेली होती. वाचली नव्हती ती आम्ही. हप्ते पुढे सात महिने चालू राहिले. ज्या दोघी-तिघींनी आपली पाळी सोडून या कर्जाला संमती दिली होती, त्यांच्या तोंडाकडे बैठकीत बघवत नव्हतं.

म्हणून आता जे सांगतो, ते त्या सात हप्त्यांचं शिक्षण समजा.

पहिला प्रश्न, काम किती? घरचं अंगण, ओटा, दुचाकी, वर्षातून एकदा कंपाउंडची भिंत, एवढंच असेल तर शंभर ते एकशे तीस बारचं, मिनिटाला सहा-सात लिटर पाणी घेणारं घरगुती मशीन पुरतं. घरच्या साध्या पिनेवर नाही, पण पॉवरच्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवर ते चालतं. अशा बहुतेक मशीनांत मिक्सरसारखी कार्बन ब्रशची मोटर असते. हलकी, आवाज करणारी, लवकर तापणारी. वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मग विसावा द्या. रोज तासन् तास काम असेल तर इंडक्शन मोटर आणि पितळी पंपाचं मशीनच घ्या. ते वजनाला जड आणि किमतीला कितीतरी जास्त असतं. पण त्याचे बार कदाचित तुमच्या घरगुती मशीनइतकेच असतात! फरक असतो पाण्यात, मिनिटाला दहा-पंधरा लिटर, आणि टिकण्यात. पाणी जास्त, तर धुतलेली घाण वाहूनही लवकर जाते. तीन किलोवॅटच्या वरचं मशीन असेल तर थ्री फेज लागते का, हे आधी विचारा. आपल्या वाड्यांवर व्होल्टेज पडतं, ते मोटरला मारतं.

दुसरा प्रश्न, घाण कसली? सिन्नरचे चार वाटे आठवा. शेवाळ आणि माती जोरानं निघते. हॉटेलच्या स्वयंपाकघरामागचं तेल नुसत्या गार पाण्याच्या जोरानं निघत नाही, ते इकडून तिकडे पसरतं. तिथे साबण लावून थोडा वेळ थांबा, किंवा गरम पाण्याचं मशीन भाड्यानं आणा. गोठ्यात आधी शेण खराट्यानं ओढून काढा, मग फवारा मारा. सगळं जोरावर ढकललं, तर पाणी आणि वीज दोन्ही वाया.

तिसरा प्रश्न, धुवायचं काय आहे? फवाऱ्याचं तोंड, म्हणजे नोजल, रंगानं ओळखतात. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळा पंधरा अंशांचा पसारा, हिरवा पंचवीस, पांढरा चाळीस. लाल नोजल आम्ही पिशवीतून बाहेरच काढत नाही. गाडीला पांढरा, सिमेंटच्या फरशीला हिरवा. रंग दिलेलं लाकूड, जुनी चुन्याची भिंत, मातीची घरं, कौलं, देवळातलं कोरीव काम, यांच्यावर मशीन धरू नका. सोलर पॅनलवर तर नाहीच, तिथे मऊ ब्रश आणि साधं पाणी. पेव्हर ब्लॉकच्या फटीतली वाळू उडाली, तर ब्लॉक हलतात आणि मालक आपल्याला बोलावत नाही.

चौथी गोष्ट जिवाची. ही धार कातडी फोडून आत जाते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र पाणी आणि घाण पसरलेली असते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. पायात गमबूट, डोळ्याला चष्मा, आणि मुलं लांब. अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर मशीन लावू नका. आरसीसीबी बसवून घ्या, म्हणजे वीज ओल्या जमिनीत उतरताच बटण पडतं. गन कुणाकडे रोखून थट्टा करणारीला आमच्या गटात दंड आहे.

आणि एक काम आम्ही घेत नाही. मशीन बघून लोक सेप्टिक टँकसाठी विचारतात. टाकीत किंवा गटारात माणूस उतरवून सफाई करून घेण्याला २०१३ सालच्या कायद्यानं बंदी आहे. ते काम बाहेरूनच, त्यासाठीच्या गाडीनं आणि प्रशिक्षित माणसांनी करायचं. तिथला वायू क्षणात जीव घेतो.

आता शेवटचा प्रश्न. तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. पाणी कुणाचं?

मागच्या उन्हाळ्यात एप्रिलमध्ये एका फार्महाऊसचं काम आलं. गाडीरस्ता, पोहण्याच्या तलावाभोवतीची फरशी, कंपाउंड. एका दिवसाचे पैसे चांगले होते. गटानं तोवर दुसरं, मोठं मशीन घेतलं होतं आणि त्याचे हप्ते डोक्यावर होते. जाऊन बघितलं, तर पाणी येणार होतं शेजारच्या वाडीच्या विहिरीवरून, मोटर लावून. आमच्या गटातली एक ताई त्याच वाडीची. तिनं काहीच म्हटलं नाही, नुसती गप्प बसली. मग आम्ही वहीवर हिशेब केला. मिनिटाला पंधरा लिटर, तासाला नऊशे. पाच तासांचं काम म्हणजे साडेचार हजार लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर तीनशे हंडे. ती वाडी त्या महिन्यात विहिरीवर नंबर लावून हंडा भरत होती. समोर धरणाचं पाणी चकाकत असतं, तरी एप्रिलमध्ये आमच्या वरच्या वाड्यांची ही स्थिती असते.

बैठकीत भांडणं झाली. कुणी म्हणालं, आपण नाही केलं तर दुसरा कुणी करेल. हप्ता कोण भरणार? ते खोटं नव्हतं. दुसरी म्हणाली, आपल्या आज्यांचं पाणी मुंबईला गेलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आता विचारायची पाळी आपली आहे, तर आपण तरी विचारू. शेवटी काम नाकारलं. मालकाला सांगितलं, पावसाळा संपला की बोलवा, तेव्हा शेवाळही असेल आणि विहीरही भरलेली असेल. त्या महिन्याचा हप्ता गटाच्या बचतीतून भरावा लागला, आणि दोघी जणी अजूनही म्हणतात, की चुकलं. ऑक्टोबरात त्या मालकानं बोलावलं नाही. दुसऱ्या तिघांनी बोलावलं.

तेव्हापासून आमच्या कामाच्या वहीत दराच्या रकान्याआधी दोन रकाने आहेत. पाणी कुठून येणार आणि धुतलेलं पाणी कुठे जाणार. विहिरीकडे किंवा ओढ्याकडे उतार असेल तर साबणाचं काम घेत नाही. रिसॉर्टांना आम्ही पावसाचं पाणी टाकीत साठवायला सांगतो. ते पाणी गाळून मशीनला लावतो, कारण गढूळ पाणी पंपही खातं. घरी साध्या पाइपनं अंगण धुतलं, तर मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज जातात. घरगुती मशीन त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात तेच काम करतं. म्हणजे यंत्र पाणी वाचवूही शकतं, संपवूही शकतं.

तर मैत्रिणींनो, दुकानात जाल तेव्हा बारचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी काम किती ते बघा, मग घाण कसली, मग पाणी कुठलं, मग वीज कशी. मिनिटाला लिटर किती, मोटर कोणती, सलग किती वेळ चालवायचं, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. माहितीपत्रकातली बारीक ओळ गटातल्या सगळ्यात लहान पोरीकडून मोठ्यानं वाचून घ्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

आणि कधी भिऱ्याकडे गेलात, तर कुंडलिकेच्या काठावर थोडं थांबा. कोलाडला पुण्या-मुंबईची मुलं ज्या पाण्यावर राफ्टिंग करतात, ते आपल्याच मुळेचं पाणी आहे, पेल्टनची चाकं फिरवून खाली सुटलेलं. आमच्या गटाची सहल गेली होती. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी त्या पाण्यात हात घातला, तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "आमच्या शेतावरून आलंय गं." मग पदराला हात पुसले आणि आम्ही गाडीत बसलो.